सुंदा डोंगरातल्या खेड्यात जागा घेता येते का?

जकार्ताहून दक्षिणेला निघालं की बोगोरनंतर रस्ता चढू लागतो. सपाटीवरचा चिकट उकाडा मागे पडतो, दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागतात आणि खाली दरीत पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं दिसू लागतात. पश्चिम जावाचा हा डोंगराळ टापू म्हणजे प्रियांगान, सुंदा लोकांचा मुलूख. जकार्ता, करावांग, पुर्वाकार्ता या पट्ट्यात नोकरीला असलेली आपली मंडळी सुटीला इकडेच वळतात. आणि कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "इथे एक छोटी जागा घेऊन ठेवली तर?" गाडीवाला किंवा खानावळवाला लगेच सांगतो, माझ्या ओळखीत एक तुकडा विकाऊ आहे. सांगितलेली किंमत लोणावळा-पाचगणीच्या भावापुढे किरकोळ वाटते आणि माणूस मनात हिशेब मांडू लागतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमच्याकडे इंडोनेशियाचं नागरिकत्व नसेल, तर या खेड्यांमधली जमीन मालकीने घेता येत नाही. घेता येते असं सांगणारा एकतर चुकतोय किंवा फसवतोय. मात्र तिथे जाता येतं, राहता येतं, घर वर्षानुवर्षं भाड्याने घेता येतं.

बंदी आली कुठून

अठराव्या शतकापासून डच कंपनीने या डोंगरांतल्या शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी लावून घेतली. 1870 च्या जमीन कायद्यानंतर खासगी मळेवाल्यांना 75 वर्षांच्या पट्ट्याने डोंगरच्या डोंगर मिळाले. पांगालेंगान आणि चिविदेयचे चहामळे याच काळातले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी जंगल तोडून जमीन लागवडीला आणली, ते त्याच जमिनीवर मजूर झाले.

म्हणून स्वतंत्र इंडोनेशियाने 24 सप्टेंबर 1960 ला मूळ जमीन कायदा केला. तो दिवस तिथे आजही शेतकरी दिन म्हणून पाळतात. या कायद्याने पूर्ण मालकीचा हक्क फक्त नागरिकांपुरता ठेवला. या हक्काला म्हणतात 'हाक मिलिक'. त्याला मुदत नाही, तो वारसाने जातो, विकता येतो. कलम 26 तर फारच कडक आहे: परदेशी माणसाकडे सरळ किंवा आडवाटेने अशी मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे शेवटचं वाक्य दलाल कधीच वाचून दाखवत नाहीत.

मालकीच्या खालोखाल मुदतीचे हक्क येतात. मळ्यांसाठी 'हाक गुना उसाहा', इमारतीसाठी 'हाक गुना बांगुनान', आणि नुसत्या वापरासाठी 'हाक पाकाई'. हा वापराचा हक्क परदेशी माणसाला मिळू शकतो. 2021 च्या नियमांनुसार आधी 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग आणखी 30, म्हणजे एकूण 80 वर्षं. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण पश्चिम जावात परदेशी माणसाने घ्यायच्या बैठ्या घराची किंमत किमान 5 अब्ज रुपिया असावी, अशी अट आहे. आपल्या पैशात अडीच कोटींच्या वर. डोंगरातल्या खेड्यात एवढ्या किमतीचं घर असतं कुठे? स्वस्त घरं स्थानिकांसाठी राहावीत, परदेशी पैशाने भाव चढून गावकरी बाहेर फेकले जाऊ नयेत, यासाठीच ही अट आहे. मला ती पूर्णपणे योग्य वाटते. आपल्या कोकणात बाहेरच्या पैशाने जमिनीचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून इमारतीचा हक्क घ्यायचा मार्गही सुचवला जातो. त्याला जमीन-इमारत सोडून 10 अब्ज रुपियांहून मोठी गुंतवणूक आणि खराखुरा धंदा लागतो. सुटीच्या घरासाठी हा खटाटोप कुणी करू नये.

शेतजमिनीचा नियम तर खुद्द जकार्ताच्या इंडोनेशियन माणसालाही अडवतो. 1961 च्या नियमाप्रमाणे शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात, म्हणजे तिथल्या 'कचामातान'मध्ये राहणारा हवा. बाहेरगावी राहून शेतजमीन बाळगायला मनाई. महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामागचा विचारही असाच: जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी. नियम मोडणारे दोन्हीकडे आहेत, पण मोडलेल्या नियमावर उभी केलेली मालकी किती टिकेल याचा विचार पैसे देणाऱ्याने करायचा असतो.

दुसऱ्याच्या नावावर

यावर गावोगावी एकच तोडगा सांगतात. जमीन कुणातरी इंडोनेशियन माणसाच्या नावावर घ्यायची: घरचा ड्रायव्हर, ऑफिसातला सहकारी, मैत्रीण. त्याच्याकडून एक कर्जाचा कागद लिहून घ्यायचा, एक कुलमुखत्यारपत्र, एक आयुष्यभराचा भाडेकरार. कागदांची चळत वकिलाच्या शिक्क्यांनिशी पाहिली की बुद्धिमान माणसालाही वाटतं, काम पक्कं झालं.

ते पक्कं नसतं. कलम 26 मधला 'आडवाटेने' हा शब्द नेमका यासाठीच आहे. 2020 साली इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परिपत्रकात आणखी स्पष्ट केलं: पैसा परदेशी माणसाचा असला तरी प्रमाणपत्रावर ज्याचं नाव, तोच मालक. ज्याच्या नावावर जमीन आहे तो माणूस सज्जन असेलही. पण उद्या तो वारला तर जमीन त्याच्या वारसांची. त्याचा घटस्फोट झाला तर वाटणी. त्याने कर्ज थकवलं तर बँकेची जप्ती. यातल्या एकाही प्रसंगात तुमच्या हातातली चळत कोर्टात उभी राहत नाही, उलट तुम्ही कायदा टाळायचा प्रयत्न केला याचा तो पुरावा होतो. आणि या सगळ्यात त्या भल्या माणसालाही तुम्ही अडचणीत ओढता, हे मला जास्त लागतं.

ज्यांनी इंडोनेशियन व्यक्तीशी लग्न केलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक धरली जाते. त्यामुळे विवाह-करार नसेल तर इंडोनेशियन जोडीदारालाही हाक मिलिक घेताना अडचण येते, कारण अर्धा वाटा परदेशी माणसाचा ठरतो. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागायचा. 2016 च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो. वारशाने जमीन आली तर परदेशी वारसाला ती वर्षभरात दुसऱ्याकडे द्यावी लागते.

गावातला कागद

आता समजा घेणारा इंडोनेशियन नागरिक आहे: तुमची पत्नी, तुमचा जावई. तरी गावातला व्यवहार शहरातल्या फ्लॅटसारखा सरळ नसतो.

पहिला गोंधळ मापाचा. प्रियांगानमध्ये जमीन चौरस मीटरमध्ये सांगत नाहीत, 'तुंबाक'मध्ये सांगतात. एक तुंबाक म्हणजे साधारण 14 चौरस मीटर. आपल्या एका गुंठ्यात सव्वासात तुंबाक बसतात. भाव 'दर तुंबाक' की 'दर मीटर', हे विचारल्याशिवाय पुढे बोलूच नये.

दुसरा प्रश्न, कागद कोणता आहे? सगळ्यात पक्का म्हणजे जमीन कार्यालयाचं प्रमाणपत्र. पण डोंगरातल्या कितीतरी तुकड्यांना ते अजून नसतं. विकणारा पुढे करतो तो 'किकितिर' किंवा 'गिरिक', म्हणजे जुनी करपावती, नाहीतर दरवर्षी येणारं घरपट्टी-जमीनपट्टीचं बिल. त्याच्या मुळाशी ग्रामकार्यालयातली एक वही असते, तिला 'लेटर सी' म्हणतात. कोणता तुकडा कुणाच्या नावे, कधी कुणाकडे गेला, हे तिच्यात हाताने लिहिलेलं. शाई फिकी झालेली, आजोबांचं नाव खोडून त्यावर काकांचं लिहिलेलं, एका तुकड्याचे तीन झालेले पण क्रमांक एकच, असं सगळं त्यात भेटतं. सातबारा पाहायची सवय असलेल्या माणसाला ती वही लगेच ओळखीची वाटते, आणि तिथेच तो फसू शकतो. कर कोण भरतो एवढंच ती सांगते. मालक कोण, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय 2021 च्या नियमाने अशा जुन्या कागदांवरच्या जमिनी नोंदवायला पाच वर्षं दिली होती. ती मुदत फेब्रुवारी 2026 मध्ये संपली. त्यापुढे किकितिर हा मालकीचा पुरावा म्हणून चालत नाही, चौकशीची सुरुवात करायला तेवढा उपयोगी.

तिसरा प्रश्न वारसांचा. आजोबांच्या नावची जमीन, वाटणी कधी झालेली नाही, सहा भावंडं, त्यातली दोन जकार्तात, एक सौदीत कामाला. गावात राहणारा भाऊ जमीन दाखवतो आणि बोलणीही तोच करतो. पण सही सगळ्यांची लागते. एक जरी राहिली तरी पुढे दावा येऊ शकतो, आणि बहुतेकदा तो भाव वाढल्यावरच येतो.

चौथा प्रश्न गहाणाचा. अडीअडचणीला खाचर गहाण टाकायची रीत इथे जुनी आहे. पैसे देणारा पीक खातो, पैसे फिटेपर्यंत जमीन त्याच्याकडे. कायद्याने अशी गहाण शेतजमीन सात वर्षांनंतर एक पैसाही न घेता परत द्यावी लागते, पण गावात हा नियम सगळ्यांना ठाऊक असतोच असं नाही. म्हणून जमीन आज कोण कसतंय हे डोळ्यांनी पाहावं. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावं, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही.

आणि सगळ्यात मोठा सापळा 'गारापान'चा, म्हणजे मालकी नसताना नुसत्या कसल्या जाणाऱ्या जमिनीचा. चहाच्या मळ्याच्या कडेला किंवा जंगलाला लागून छान सपाट जागा दिसते, स्वस्त असते, कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे भाजी लावत असतो. तो विकतो ते फक्त कसण्याचं हक्कसोडपत्र. जमीन असते सरकारी मळ्याच्या पट्ट्यातली किंवा परहुतानी या सरकारी वन कंपनीच्या ताब्यातली. पुंचाकच्या डोंगरावर अशा जागांवर कितीतरी बंगले उभे राहिले. मार्च 2025 मध्ये पुराच्या नुकसानीनंतर पश्चिम जावाच्या राज्यपालांनी पुंचाकमधलं एक मोठं पर्यटन केंद्र बांधकामाचे नियम मोडल्याबद्दल पाडायला लावलं. वर डोंगर काँक्रीटने झाकला की पाणी खाली बोगोर-जकार्तात जाऊन घरांत शिरतं. त्यामुळे ही कारवाई यापुढे वाढेल, असंच मला वाटतं, आणि वाढावी.

जमीन कार्यालयाचं 'सेंतुह तानाहकू' हे ॲप मोबाइलवर मिळतं. नकाशावर बोट ठेवलं की तो तुकडा नोंदलेला आहे का, कोणत्या हक्काखाली आहे, हे दिसतं. नकाशावर नसलेला तुकडा घेऊ नये, इतका साधा नियम पाळला तरी निम्मी संकटं टळतात. प्रत्यक्ष खरेदीखत जमीन-दस्त अधिकाऱ्यासमोरच होतं. दुर्गम भागात हे काम तात्पुरतं तिथला कचामातानचा प्रमुख करतो. विकणाऱ्याला किमतीच्या अडीच टक्के प्राप्तिकर, घेणाऱ्याला ठरावीक सूट वजा करून पाच टक्के हस्तांतरण कर. कोऱ्या पावतीवर तिकीट लावून केलेली खरेदी ही खरेदी नव्हे.

पायाखालची जमीन

इथली माती ज्वालामुखीची आहे, म्हणून तिच्यात काहीही रुजतं. आणि उतारावर पाणी मुरलं की तीच माती घसरते. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. जानेवारी 2021 मध्ये सुमेदांग जिल्ह्यातल्या चिमांगुंगला डोंगर खाली आला आणि चाळीस माणसं गेली. 21 नोव्हेंबर 2022 ला चिआंजुरला 5.6 तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा मोठा वाटत नाही, पण केंद्र उथळ होतं, आणि तीनशेहून अधिक लोक दगावले. पडझड झाली ती मुख्यतः सळया न घातलेल्या विटांच्या घरांची. बांदुंगच्या उत्तरेला लेंबांगचा 29 किलोमीटर लांबीचा भ्रंश, म्हणजे भूकंप घडवू शकणारी जमिनीतली भेग, आहे, आणि नेमक्या त्याच कड्यावर सगळ्यात सुंदर देखाव्याच्या जागा विकाऊ असतात.

सुंदा लोकांची जुनी घरं बांबूची, जमिनीपासून उचललेली. दगडांवर नुसते खांब टेकवलेले असतात, त्यामुळे धक्का बसला तर घर हलतं, कोसळत नाही. तसं घर भाड्याने मिळालं तर पक्क्या बंगल्यापेक्षा आधी ते पाहावं.

जिथे विक्रीच नाही

पाहुणा म्हणून जायचं असेल तर गारुत आणि तासिकमालायाच्या मधल्या कांपुंग नागाला जरूर जा. रस्त्यावरून चारशेहून जास्त पायऱ्या उतरल्या की चिवुलान नदीकाठी शंभराच्या आसपास घरं दिसतात. सगळ्यांची छपरं ताडाच्या काळ्या धाग्यांची, सगळी दारं उत्तर किंवा दक्षिणेला. वीज नाही, कारण अशी छपरं क्षणात पेटतात, आणि एकाकडे टीव्ही आला की दुसऱ्याला कमीपणा वाटतो, असं गावकरी सांगतात. स्वयंपाकघराची बांबूची विण मुद्दाम सैल ठेवतात. धूर बाहेर जातो आणि आत आग लागली तर शेजाऱ्याला लगेच दिसते. 1956 मध्ये बंडखोरांनी हे गाव जाळलं होतं. लोकांनी ते त्याच जागी, त्याच रचनेत पुन्हा उभं केलं. इथली घरं बाहेरच्याला विकली जात नाहीत आणि कुंपणाच्या आत नवी वाढवलीही जात नाहीत. मुलं मोठी झाली की बाहेर घर करतात आणि सणाला परत येतात.

गारुतजवळच्या कांपुंग पुलोत तर सहा घरं आणि एक मशीद, यापुढे एकही नाही. हालिमुन डोंगरावरच्या चिप्तागेलारमध्ये भात विकणं निषिद्ध आहे. घरोघरीच्या कोठारांत वर्षानुवर्षांचं धान्य असतं. शेजारच्या बांतेन प्रांतातल्या बादुई लोकांचा सुमारे 5100 हेक्टरचा मुलूख लेबाक जिल्ह्याने 2001 मध्ये ठराव करून सुरक्षित केला. बादुईंच्या आतल्या गावांत परदेशी माणसाला प्रवेश नाही, आणि कावालू या त्यांच्या व्रताच्या तीन महिन्यांत ती सगळ्याच पाहुण्यांना बंद. ही बंदी मनापासून पाळा. गाईडला चार पैसे जास्त देऊन आत जायचा प्रयत्न करू नका.

साध्या खेड्यातही मुक्काम असेल तर वेशीवर एक पाटी दिसते: पाहुण्यांनी 24 तासांत कळवणं बंधनकारक. वाडीच्या प्रमुखाला, तिथे त्याला 'पाक एर्ते' म्हणतात, पासपोर्टची प्रत द्यायची आणि दोन शब्द बोलायचे. यजमान तुमच्या वतीने सांगतो, पण स्वतः गेलात तर गावाला आवडतं. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना थोडं वाकून, उजवा हात खाली करून 'पुंतेन' म्हणायचं. बसायचं जमिनीवर. भात, कच्च्या भाज्या, तळलेलं टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि तोफू, सोबत बिनसाखरेचा कोरा चहा. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: जवळपास प्रत्येक चटणीत 'तेरासी', म्हणजे सुकवून वाटलेली कोळंबी असते. 'तेरासी नको' असं कुटायच्या आधी सांगावं लागतं.

मग राहायचं कसं

भाड्याने. आधी एक अख्खा पावसाळा काढा. घर कुठे गळतं, रस्ता कधी बंद होतो, पाणी कुठून येतं आणि कधी आटतं, हे उन्हाळ्यातल्या दोन रात्रींत कळत नाही. जमलं तर लांब मुदतीचा करार करा. तो कायदेशीर आहे, दहा-वीस वर्षांचाही होतो.

करार नोटरीसमोर, आणि इंडोनेशियन भाषेत. 2009 च्या भाषा कायद्याने तसं बंधन आहे, आणि नुसत्या इंग्रजीतले करार तिथल्या कोर्टांनी रद्द केलेले आहेत. आधी प्रमाणपत्रावरचं नाव आणि सही करणाऱ्याचं नाव एकच आहे का, ते पाहा. नवरा-बायको दोघांची सही घ्या. वारसाहक्काची जमीन असेल तर सगळ्या वारसांची. घर मध्येच विकलं गेलं तरी भाडेकरू हलत नाही, हे नागरी संहितेच्या कलम 1576 मध्ये आहेच, तरी ते करारात पुन्हा लिहून घ्या. मालकाचा मृत्यू झाला तर करार वारसांवर बंधनकारक राहील, हेही लिहा. सगळं भाडं एकदम आगाऊ मागतील. दोन-तीन टप्पे ठरवा.

शेवटी तीन गोष्टी वेगळ्या कलमांत लिहून घ्या, कारण खेड्यातली भांडणं यांच्यावरूनच होतात. मोटारसायकल घरापर्यंत कुणाच्या जागेतून जाते आणि त्याची परवानगी आहे का. वरच्या झऱ्यातून येणाऱ्या बांबूच्या पन्हाळीचं पाणी किती घरांत वाटलं जातं आणि तुमच्या वाट्याला कोणती वेळ. आणि घरामागच्या 'बालोंग'मधले मासे कुणाचे, म्हणजे तळं तुमच्या भाड्यात आहे की मालक दर महिन्याला जाळं घेऊन येणार.